राईचे पीठ मागितले तर मोहरी मिळेल: नागपुरात जर्मन स्वयंपाकघराची जुळवाजुळव

प्रतापनगरच्या एका ताईंनी विचारले आहे: त्यांच्या सूनबाई जर्मनीच्या असून मुलाच्या नोकरीनिमित्त ऑगस्टपासून दोन वर्षे नागपुरात राहणार आहेत. त्यांना ब्रेड, केक आणि आपल्या घरचे रोजचे पदार्थ स्वतः करण्याची सवय आहे. घरात अंडे चालते, मांसाहार चालत नाही. त्यांना लागणारे साहित्य नागपुरात कुठे मिळेल, जे मिळणार नाही त्याच्या जागी काय वापरावे आणि येताना सामानातून काय आणायला सांगावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, मी बावीस वर्षांपासून नागपुरात बेकिंग शिकवते आहे, आणि त्याआधी काही वर्षे हॉटेलच्या बेकरी विभागात काम केले आहे. परदेशातून येथे राहायला आलेल्या अनेक जणी माझ्याकडे याद्या घेऊन आल्या. त्या याद्या वाचून माझे एक मत पक्के झाले आहे. अडचण बहुतेक वेळा वस्तू नसण्याची नसते, नावाची असते. तीच वस्तू येथे दुसऱ्या नावाने आणि दुसऱ्याच दुकानात असते, किंवा तेच नाव येथे भलत्याच वस्तूला असते. म्हणून सूनबाईंच्या यादीतील प्रत्येक वस्तूपुढे तिचे नाव लिहून थांबू नका. ती वस्तू त्या पदार्थात नेमके काय काम करते, हे त्यांना विचारून शेजारी लिहा. एवढे केले की अर्धी यादी इतवारी आणि गोकुळपेठेतच पूर्ण होते.

सर्वांत आधी पिठाविषयी सांगते, कारण जर्मन घरात ब्रेड ही आपल्या पोळीसारखी रोजची गोष्ट आहे. त्यांच्याकडे पिठाच्या पुड्यावर ४०५, ५५०, १०५० असे आकडे असतात. १०० ग्रॅम कोरडे पीठ पूर्ण जाळल्यावर किती मिलिग्रॅम राख उरते, ते हे आकडे सांगतात. आकडा जितका मोठा, तितका कोंड्याचा अंश जास्त आणि पीठ तितके काळसर. आपला मैदा ४०५ आणि ५५० यांच्या आसपास बसतो, त्यामुळे केक, बिस्किटे आणि पांढऱ्या पावांसाठी तो निःशंकपणे वापरावा. १०५० क्रमांकाच्या पिठाऐवजी मैदा आणि कणीक निम्मी निम्मी घ्यावी. गिरणीतील कणकेची एक गोष्ट मात्र सूनबाईंना आधीच सांगून ठेवा. दगडी जात्याच्या दाबाने आणि उष्णतेने गव्हातील पिष्टकण मोठ्या प्रमाणात तुटतात, आणि तुटलेले पिष्टकण पाणी अधिक ओढतात. आपली पोळी मऊ राहते ती याच गुणामुळे. पण त्यांच्या कृतीतील पाण्याचे माप कणकेला कमी पडते, आणि पाणी वाढवले की गोळा चिकट होतो. पाणी एकदम न घालता थोडे थोडे घालावे, मळण्यापूर्वी गोळा वीस मिनिटे झाकून ठेवावा, आणि ब्रेड हवा तेवढा फुगत नसेल तर थोडे गव्हाचे ग्लुटेन, म्हणजे पिठाला ताण देणारे प्रथिन, मिसळावे. ते बेकिंगचे सामान विकणाऱ्या दुकानांत मिळते.

आता राय नावाच्या धान्याकडे वळते. जर्मन काळ्या ब्रेडचा हा पाया आहे आणि आपल्या भागात त्याची शेती नाही. माझ्या सुरुवातीच्या काळात मी एका दुकानदाराला फोनवरून ‘रायचे पीठ’ दोन किलो सांगितले आणि घरी दोन किलो भरडलेली मोहरी आली. चूक त्यांची नव्हती, कारण आपल्याकडे राई म्हणजे मोहरीच. त्या दिवसापासून मी कोणतीही परकी वस्तू फोनवर नुसत्या नावाने मागवत नाही, चित्र किंवा रिकामे पाकीट दाखवते. रायचे पीठ ऑनलाइन मागवता येते. एका वेळी एक किलोपेक्षा जास्त घेऊ नका आणि आल्याबरोबर घट्ट डब्यात फ्रीजमध्ये ठेवा, कारण आपल्या उन्हाळ्यात कोंडायुक्त पीठ लवकर खवट होते आणि त्यात पोरकिडे होतात. रायच्या जागी ज्वारी किंवा नाचणी घालावी असा सल्ला अनेक जण देतात. मी तो देत नाही. ज्वारीची भाकरी ज्वारीची म्हणून उत्तमच लागते, पण रायच्या पिठात पाणी धरून ठेवणारे जे चिकट तंतू असतात ते ज्वारीत नसतात, आणि त्या ब्रेडचा ओलसर, दाट पोत त्या तंतूंमुळेच येतो. शिवाय रायच्या ब्रेडला आंबटपणा चवीपुरता नको असतो, तो त्याची गरज असतो. आम्ल नसेल तर त्यातील विकरे (एन्झाइम) भाजताना पिष्टाचे पाणी करतात आणि ब्रेड आतून गोंदासारखा राहतो. म्हणून त्यासाठी आंबवलेल्या पिठाचे विरजणच हवे, खाण्याचा सोडा किंवा नुसते यीस्ट चालणार नाही.

याच बाबतीत एक आनंदाची बातमी आहे, जी ऐकून माझ्या एका जर्मन विद्यार्थिनीचे डोळे अक्षरशः भरून आले होते. आपला खपली गहू आणि त्यांच्याकडील ‘एमर’ हे एकच धान्य आहे. सांगली-साताऱ्याकडे आणि कर्नाटकात खपली पिकतो आणि नागपुरात सेंद्रिय धान्याच्या दुकानांत सहज मिळतो. जर्मनीत एमरचा ब्रेड करणारे बेकर आजही आहेत. खपलीचे पीठ ताणले जात नाही, चटकन तुटते. त्यामुळे निम्मी खपली आणि निम्मा मैदा घेऊन, साच्यात घालून ब्रेड भाजावा. खपली म्हणजे ‘डिंकेल’ असेही काही विक्रेते सांगतात, पण ते वेगळे गहू आहेत. सूनबाईंना ‘एमर’ हाच शब्द सांगा, त्या लगेच ओळखतील.

यीस्टबद्दल थोडे सांगायला हवे. त्यांच्या कृतींमध्ये ताज्या यीस्टची ४२ ग्रॅमची वडी असते. आपल्याकडे घरगुती ग्राहकाला बहुधा इन्स्टंट ड्राय यीस्ट मिळते, आणि ते ताज्याच्या एक तृतीयांश घ्यावे, म्हणजे एका वडीला साधारण १४ ग्रॅम. हे माप त्यांच्या हवेचे आहे. एप्रिल-मे महिन्यांत आपल्या स्वयंपाकघरात दुपारी ३८-४० अंश तापमान असते, तेव्हा तेवढे यीस्ट घातले तर गोळा पाऊण तासात फसफसून चव आणि बळ दोन्ही गमावतो. उन्हाळ्यात यीस्ट निम्मे करावे, बर्फाचे पाणी वापरावे आणि गोळा रात्रभर फ्रीजमध्ये फुगू द्यावा. बटरचे थर घालून केलेले क्रोइसाँसारखे पदार्थ मार्च ते जून या काळात घरी करू नयेत, असे मी स्पष्टपणे सांगते. डिसेंबर-जानेवारीत तेच काम आपोआप जमते.

त्यांच्या पुस्तकांत ‘एक पाकीट बेकिंग पावडर’ किंवा ‘एक पाकीट व्हॅनिला साखर’ असे माप असते. बेकिंग पावडरचे एक पाकीट सुमारे १५ ग्रॅमचे आणि ५०० ग्रॅम पिठासाठी असते. व्हॅनिला साखरेचे ८ ग्रॅमचे. ‘नाट्रॉन’ म्हणजे आपला खाण्याचा सोडा. नाताळच्या मसालेदार बिस्किटांना लागणारे ‘हिर्शहॉर्नझाल्ट्स’ हे नाव वाचून कोणीही गांगरून जाईल, पण ते अमोनियम बायकार्बोनेट आहे. आपले बिस्किटवाले बेकर ते ‘अमोनिया’ या नावाने वापरतात आणि बेकरी साहित्याच्या दुकानात ते मिळते. पातळ आणि कोरड्या बिस्किटांतच वापरा, जाड केकमध्ये त्याचा वास अडकून राहतो. ‘व्हॅनिला पुडिंग पावडर’ म्हणजे कॉर्नफ्लोअर, सुगंध आणि पिवळा रंग, अर्थात आपली कस्टर्ड पावडर. ती तर गल्लीतल्या किराण्यातही असते. मात्र कॉर्नफ्लोअर हा शब्द जपून वापरा. येथे तो मक्याच्या पांढऱ्या पिष्टाला आहे. पिवळे, रवाळ मक्याचे पीठ हवे असेल तर मक्याचे पीठ किंवा मक्याचा रवा असेच मागावे.

दुधाच्या पदार्थांत तर आपले घर त्यांच्या घराच्या फार जवळ आहे. जर्मन माणसाला परदेशात सर्वाधिक आठवण येते ती ‘क्वार्क’ची, आणि क्वार्क म्हणजे जवळजवळ आपला चक्का. फरक एवढाच की क्वार्क थोडा सैल आणि कमी आंबट असतो. म्हणून गोडसर, ताज्या दह्याचा चक्का चार-पाच तासच टांगावा, आणि उन्हाळ्यात तो फ्रीजमध्येच टांगावा, नाहीतर तासागणिक आंबट होत जातो. विकतचा चक्का श्रीखंडासाठी घट्ट बांधलेला असतो. तो घेतला तर ५०० ग्रॅममध्ये तीन-चार चमचे दूध फेटून घ्यावे. त्यांचा ‘केझेकूखेन’, म्हणजे चीजकेक, करायचा असेल तर ५०० ग्रॅम चक्का, १५० ग्रॅम साखर, २ अंडी, २०० मिली क्रीम आणि २० ग्रॅम कस्टर्ड पावडर एकत्र फेटून, बिस्किटाच्या पिठाच्या तळावर ओतून १६० अंशांवर सुमारे एक तास भाजावे आणि ओव्हनमध्येच थंड होऊ द्यावे. सूनबाई आल्यावर पहिला पदार्थ हाच करा असे मी सुचवेन, कारण यातील एकही वस्तू बाहेरून मागवावी लागत नाही.

क्रीमच्या बाबतीत पुड्यावरील स्निग्धांशाचा आकडा वाचावा. खोक्यातील साधे ‘फ्रेश क्रीम’ २५ टक्क्यांचे असते आणि ते कितीही फेटले तरी फुगत नाही, कारण फुगण्यासाठी किमान ३० टक्के स्निग्धांश लागतो. दुधाचे व्हिपिंग क्रीम मोठ्या दुकानांच्या शीतकपाटात मिळते. केकवाले वापरतात ते पांढरे, गोड, गोठवलेले क्रीम वनस्पती तेलाचे असते. त्याचे फुलोरे छान उभे राहतात, पण दुधाच्या क्रीमची सवय असलेल्या माणसाला ते तोंडात तुपकट लागते. २५ टक्क्यांचे फ्रेश क्रीम मात्र दुसऱ्या दोन कामांना उत्तम आहे. त्यात दोन चमचे ताजे दही मिसळून सहा-आठ तास ठेवले की त्यांच्या ‘श्मांड’सारखे आंबट, दाट क्रीम होते. तेच क्रीम ८५ अंशांपर्यंत गरम करून, लिंबाचा थोडा रस घालून, थंड झाल्यावर फडक्यात रात्रभर टांगले की मस्कारपोने नावाचे मऊ इटालियन चीज तयार होते. बटर घेताना बिनमिठाचे मागा, कारण आपले नेहमीचे पिवळे बटर खारट असते. घरचे लोणी तर आंबवलेल्या सायीचे, म्हणजे युरोपात चढ्या भावाने विकल्या जाणाऱ्या आंबट सायीच्या बटरच्याच जातीचे. ते थंड पाण्यात तीनदा धुऊन, दाबून पाणी काढून टाकले की बिस्किटांना अप्रतिम चव येते. चीज येथे साधारण प्रतीचेच मिळते. मुरवलेली चांगली चीजे भारतात बनू लागली आहेत, पण ती मुंबई-पुणे-बंगळूरकडून मागवावी लागतात आणि ती ऑक्टोबर ते फेब्रुवारी याच काळात मागवावीत. मी एकदा मे महिन्यात मागवलेले पार्सल उघडले तेव्हा आत फक्त तेल आणि गोळा होता. आयात चीजमध्ये प्राणिज रेनेट, म्हणजे जनावराच्या जठरातून काढलेले दूध फाडणारे विकर, असू शकते, तेव्हा आपल्या घराच्या नियमानुसार हिरवे चिन्ह पाहूनच घ्या.

याच नियमामुळे, प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून बनणाऱ्या जिलेटिनचा प्रश्न येईल. त्यांच्या थंड केकमध्ये जिलेटिनचे पापुद्रे असतात. त्याऐवजी चायना ग्रास वापरा. ते दोन मिनिटे उकळावे लागते आणि लगेच मिसळावे लागते, कारण चाळीस अंशांच्या खाली येताच ते घट्ट होऊ लागते. नागपूरसाठी ते अधिकच सोयीचे, कारण जिलेटिनचा केक मे महिन्यात टेबलावर दहा मिनिटांत ढळतो, चायना ग्रासचा उभा राहतो.

भाज्यांसाठी गोकुळपेठ बाजार पुरेसा आहे, मोठ्या प्रमाणावर हवे असेल तर कॉटन मार्केट. त्यांच्या काकडीच्या कोशिंबिरीत लागणारे ‘डिल’ म्हणजे आपला शेपू. हे सांगितले की पाहुण्यांना फार आश्चर्य वाटते, कारण त्यांच्याकडे नाजूक पुड्यांत विकला जाणारा तो पाला येथे जुडीने मिळतो. ‘कोलराबी’ म्हणजे नवलकोल, आपल्याकडे गाठगोबी म्हणूनही मिळते. हिवाळ्यात कोवळे घ्यावे. इटालियन बेसिलच्या जागी तुळस घालू नका, तिचा लवंगेसारखा उग्रपणा सॉस बिघडवतो. फालुद्यात घालतो तो सब्जा मात्र बेसिलच्याच जातीचे बी आहे. ऑक्टोबरमध्ये कुंडीत पेरला तर महिन्याभरात पाने खुडता येतात. सुगंध इटालियन वाणाहून थोडा वेगळा येतो, पण रोजच्या सॉसला पुरतो. थाइम नसेल तर चिमूटभर ओवा चुरडून घाला, दोहोंच्या वासातले मुख्य द्रव्य एकच आहे. हॉर्सरॅडिश या झणझणीत मुळाला पर्याय म्हणून शेवग्याचे मूळ वापरता येते असे जुने इंग्रज लोक मानत. तसे करू नका, त्या मुळाच्या सालीत विषारी द्रव्ये असतात. किसलेला पांढरा मुळा आणि वाटलेली मोहरी यांनी काम भागते.

पास्ता, टोमॅटो प्युरी, ऑलिव्ह तेल, बरणीतील काकड्या यांची चिंता नको. धरमपेठ, सीताबर्डी आणि सदरच्या मोठ्या दुकानांत त्या असतात, आणि त्या काकड्या तर आपलाच देश युरोपला पुरवतो. घरी पास्ता करायचा असेल तर साधा रवा नको, बन्सी रवा घ्या. बन्सी हा ड्युरम जातीचा कठीण गहू आहे आणि पास्ताही ड्युरमचाच होतो.

काही गोष्टींसाठी हंगामाची वाट पाहावी लागते. साउअरक्राउट, म्हणजे आंबवलेली पानकोबी, ही त्यातली पहिली. एक किलो पानकोबी बारीक चिरून, २० ग्रॅम मीठ चोळून, सुटलेल्या पाण्यात बुडेल अशी दाबून बरणीत भरावी आणि वर वजन ठेवावे. १५ ते २० अंशांवर ती तीन-चार आठवड्यांत मुरते. नागपुरात असे तापमान डिसेंबर-जानेवारीतच असते. उन्हाळ्यात केली तर ती मऊ पडून सडका वास येतो. तीत आणि रायच्या ब्रेडमध्ये त्यांना ‘क्युमेल’ नावाचे मसाल्याचे बी लागेल. ते शहाजिऱ्याच्या नावाखाली मिळते, पण त्या नावाने दोन वेगळ्या बिया विकल्या जातात. काळपट, बारीक आणि बिर्याणीच्या वासाचे नको. थोडे फिकट, वाकडे आणि बडीशेपेच्या अंगाने जाणारे ते खरे. इतवारीत हातावर चुरडून, वास घेऊनच घ्यावे. खसखशीच्या बाबतीत मात्र पर्याय नाही. त्यांची निळी-काळी असते, आपली पांढरी. केकची चव जमते, रंग जमत नाही.

नाताळसाठी आपल्या शहरासारखी जागा नाही असे मला मनापासून वाटते. त्यांच्या ‘लेबकूखेन’ नावाच्या मसालेदार बिस्किटांमध्ये दालचिनी, लवंग, वेलदोडा, जायपत्री, धने आणि चक्रीफूल असते, म्हणजे सावजी मसाल्यातलीच अर्धी पोतडी. ‘श्टोलेन’ नावाच्या ब्रेडमध्ये साखरेत मुरवलेली संत्र्याची साल लागते. बाजारात त्या जागी टुटीफ्रुटी देतात. ती कच्च्या पपईची असते, ती घेऊ नका. आंबिया बहाराची संत्री नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये घरोघरी येतात आणि आपण त्यांची साल फेकून देतो. ती साल कोमट पाण्याने चोळून धुवावी, तीन वेळा पाणी बदलून उकळावी, मग साखरेच्या पाकात घालून रोज पाक थोडा आटवत चार-पाच दिवस मुरवावी आणि जाळीवर वाळवावी. नागपुरी संत्र्याची साल पातळ आणि सैल असल्याने ती युरोपातल्या जाड सालीपेक्षा लवकर मुरते. पहिल्या उकळीनंतर सुरी सहज घुसते का ते पाहत राहा. मुरंबा, म्हणजे मार्मलेड, करायचे असेल तर या फळात घट्टपणा आणणारे पेक्टिन कमी पडते, म्हणून लिंबाच्या बिया फडक्यात बांधून शिजताना आत सोडाव्यात. अमेरिकन किंवा इंग्रजी कृतीत ओलसर ब्राउन शुगर मागितली असेल तर एक वाटी साखरेत एक मोठा चमचा काकवी चोळून घ्यावी. बाजारातली कोरडी तपकिरी साखर ते काम करत नाही.

सूनबाईंनी सामानात काय आणावे, याचे माझे उत्तर लहान आहे. बेकिंगचा डिजिटल काटा आणि त्यांच्या आईच्या हातची कृतींची वही. यीस्ट, पीठ, चॉकलेट आणू नये. चॉकलेट येथे चांगले मिळते. फक्त वेष्टनावर ‘कंपाउंड’ लिहिलेले नसावे, कारण त्यात कोको बटरऐवजी वनस्पती तेल असते.

रायच्या ब्रेडसाठी लागणारे विरजण आणायची गरज नाही. माझ्याकडे अकरा वर्षांचे आहे आणि नागपूरच्या हवेला सरावलेले आहे. त्या आल्यावर एक लहान काचेची बरणी घेऊन या. ऑगस्टमध्ये त्याला दिवसातून दोनदा, त्याच्या वजनाच्या पाचपट पीठ आणि पाचपट पाणी द्यावे लागते. बरणीचे झाकण घट्ट लावू नका.